मेडिकलचे पॅड आणि धोतराचे पॅड

अंगावर पाजणाऱ्या बाईनं छातीला लावायचे पॅड दोन जातीचे असतात. एक मेडिकलमधले, लावायचे आणि टाकायचे. दुसरे कापडाचे, धुवायचे आणि परत लावायचे. बहात्तर वर्षांच्या माणसाला हे माहीत असायचं काही कारण नाही. मला माहीत आहे, कारण लेकीचं बाळंतपण मी केलं.

हा विषय पुरुषानं काढायचा नसतो असं मला दोघांनी सांगून झालं. दोघंही पुरुषच. मी जन्मभर दुधाचा धंदा केला. संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचं, गिऱ्हाईक पुढं उभं राहायचं, त्याच्या ग्लासात धार काढून द्यायची. दूध, कास, सड, पान्हा हे माझ्या तोंडातले रोजचे शब्द. तेव्हा लाज वाटली नाही, आता कशाला वाटेल? शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिताना चुकलो तर चुकलो.

माझी बायको माघात गेली. झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. शेवटच्या दोन म्हशी होत्या, त्या मी महिन्याभरात विकल्या. घरात मीठ कुठल्या डब्यात आहे हे कळायला मला पंधरा दिवस लागले, तर म्हशी कुठून सांभाळणार? ती गेली तेव्हा लेकीला तिसरा महिना होता. एकुलती एक लेक, आमच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाल्यावर झालेली.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. विहीणबाई गारगोटीच्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी सरळच विषय काढला. “पावणं, वाईट वाटून घेऊ नका. पण आई न्हाय तिथं बाळंतीण ठेवायची कशी? ऱ्हाऊ दे की पोरीला आमच्याकडंच.”

त्यांचं बोलणं वावगं नव्हतं. पण मी म्हटलं, “आई गेली, माहेर न्हाय गेलं. सव्वा महिना पोरगी हितंच राहील.”

बोलून बसलो आणि सहा महिने त्याच घोरात काढले. लेक यायला तयार झाली ती आईच्या घरात राहायला मिळावं म्हणून. माझ्यावर भरवसा होता म्हणून नव्हे. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

श्रावणात तिला मुलगी झाली. तेल लावायला आणि न्हाऊ घालायला गल्लीतली अक्का यायची. ती माझ्या बायकोची जुनी मैत्रीण, मला दाजी म्हणते. भाकरीही तीच टाकून जायची. बाकीचं सगळं माझ्याकडं. पाणी तापवणं, शेगडी पेटवणं, दुपटी धुणं, लेकीला वेळेवर खायला घालणं.

दवाखान्यातून घरी आली आणि दूध असं उतरलं की तिचे गाऊन भिजायला लागले. बसल्या जागी छातीवर दोन ओले डाग. मी आत गेलो की ती टॉवेल ओढून घ्यायची. शेवटी तिनं चिठ्ठी लिहून दिली. “आबा, एवढं मेडिकलमधनं आणा. वाचू नका, नुसतं दाखवा.” मी वाटेत वाचली.

दुकानात दोन बाया उभ्या होत्या. चिठ्ठी खिशात ठेवून मी म्हटलं, “बाळंतिणीच्या छातीला लावायचे पॅड द्या.”

दुकानदारानं मान खाली घातली आणि हळूच विचारलं, “कुणासाठी पाहिजेत?”

“कुणासाठी म्हंजे? मला लागतील असं वाटतंय काय?”

बाया हसल्या. त्यानं डबा कागदात गुंडाळला, काळ्या पिशवीत घातला आणि वर पिशवीला गाठ मारली. मी म्हटलं, “बाँब हाय काय ह्यात?”

ते पॅड मी घरी आल्यावर नीट बघितले. पांढरे, गोल, जरासे वाटीसारखे. मागं चिकटपट्टी. ती सोलायची आणि आतल्या कपड्याला पॅड चिकटवून टाकायचा. दूध पॅड पिऊन घेतो आणि वरनं हात लावला तर कोरडा लागतो. भरला की कागदात गुंडाळून घंटागाडीत. लेक खूश. धुणं नाही, पिळणं नाही, आमच्याकडच्या पावसात वाळवायची कटकट नाही. मलाही बरं वाटलं. एक तरी गोष्ट जमली म्हटलं.

आठ-नऊ दिवसांनी पाजताना ती दात आवळायला लागली. काय झालं ते मला सांगेना. अक्कानं सांगितलं. कातडी लाल झालेली, बोंडांना बारीक चिरा पडलेल्या. पॅड वरनं कोरडा लागतो म्हणून लेक एकच पॅड अर्धा अर्धा दिवस ठेवत होती. मागनं प्लास्टिक, आत ओल. वारं लागणार कुठून?

मी दाराबाहेरनंच म्हटलं, “वलं सड झाकून ठेवलं की असंच होतंय. धार झाली की पुसून कोरडं करायचं, वारं लागू द्यायचं. न्हायतर चिरा पडतात, मग कास सुजती आणि दगडागत हुती.”

आतनं आवाज आला, “आबा, मी म्हैस हाय काय?”

“म्हैस बरी. ऐकती तरी.”

दोन तास ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पॅड कुठलाही वापरा, पण ओला झाला की लगेच बदला, पाजून झाल्यावर थोडा वेळ उघडं राहू द्या, आपलंच दूध चिरांवर लावून वाळू द्या. म्हणजे माझंच बोलणं, फक्त म्हशीचं नाव घेतलं नाही. आणि बाळाला नीट धरलं जात नव्हतं तेही त्यांनी दाखवलं. ते मला माहीत नव्हतं.

मग लेकीनं मोबाईलवर कापडी पॅड शोधून काढले. फुलाफुलांचे, धुऊन वापरायचे. मागवले तर चार-पाच दिवसांनी येणार. अक्का तेलाची वाटी घेऊन बसली होती, ती म्हणाली, “त्यात मागवायचं काय? आम्ही काय करत होतो? मऊ कापडाची घडी ठेवायची. धोतराची.”

“कुणाच्या धोतराची?” मी विचारलं.

“तुमच्याच की. हिच्याच वेळंला फाडलं होतं तिनं. आठवत न्हाय?”

मला धोतर आठवत होतं. चांगलं वापरातलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कट्ट्यावर जायला बाहेर काढलं तर अर्धंच. मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. बायको एवढंच म्हणाली, “लागत होतं.” कशाला लागत होतं ते मी विचारलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. दिवसाला दोनदा आठ म्हशींची सडं पुसत होतो मी, आणि घरात बायकोचा झंपर ओला आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

“मला बोलली न्हाय ती,” मी म्हटलं.

“तुम्हास्नी कोण बोलणार? ऐकून घेत होता व्हय तुम्ही?”

अक्काचं तोंड असंच आहे. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ट्रंकेत माझी दोन जुनी धोतरं होती. आता मी पायजमा घालतो. अक्कानं स्टीलची वाटी उपडी ठेवून कापडावर गोल आखले. लेकीनं कापले. चार-चार पदर एकावर एक ठेवून कडेनं शिवायचं काम मी घेतलं. माझा हात पोती शिवलेला, टाके बोटाएवढे पडले. अक्का म्हणाली, “दाजी, ह्यात शेंगदाणं भरायचं न्हाईत.” उसवून परत शिवले. सोळा पॅड झाले, म्हणजे आठ जोड.

लेक म्हणाली, “धुणार कोण?”

“मी.”

“रोज?”

“रोज म्हंजे काय, दिवसातनं दोनदा. म्हशी होत्या तेव्हा मी सणवार बघत होतो काय?”

अंगणातल्या नळावर बसून धुवायचो. साबण थोडा, पाणी भरपूर, नाहीतर कापड कडक होतं आणि तेच कडक कापड चिरांवर घासतं. एकदा कट्ट्यावरचा जुना सोबती आला. उभा राहून बघायला लागला. “काय धुतोस रं?”

“लेकीचे पॅड.”

“आता हेच ऱ्हायलंतं तुझं.”

“तू जन्मात बायकोची वाटी इसळली न्हाईस. चहा पाहिजे तर बस, न्हायतर हो पुढं.”

बसला. चहा पिऊन गेला.

कापडी पॅडला वारं लागतं, त्यानं चिरा भरत आल्या. पण त्याची खोड अशी की तो पटकन भिजतो आणि मागं प्लास्टिक नसल्यानं बाहेर डाग येतो. दिवसाला तीन-चार जोड लागतात. पाऊस लागला की वाळत नाहीत. म्हणून आम्ही ठरवून टाकलं की घरात धोतराचे, आणि दवाखान्यात जायचं असलं किंवा पाऊस हटत नसला तर मेडिकलचे. मेडिकलचे लावले तरी ओले झाले की बदलायचे. झगडा मिटला. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं.

तिसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस ऊन पडलं नाही. पॅड अर्धवट वाळले आणि त्यांना कुबट वास यायला लागला. मी विचार केला, कुबट कापड चिरांना लागलं तर परत सूज. अक्का लेकीच्या आंघोळीच्या पाण्यात लिंबाचा पाला घालायची, कातडीला चांगला म्हणून. मग पॅडला का नको? मेडिकलचे पॅड घरात होते, ते चार दिवस वापरले असते तर काही बिघडत नव्हतं. पण मला काम दाखवायचं होतं. मोठ्या पातेल्यात ओंजळी ओंजळीनं कडुलिंबाचा पाला टाकला, पाणी काळंहिरवं होईपर्यंत उकळलं आणि सगळे पॅड त्यात शिजवले. वर साध्या पाण्यानं खळबळलेही नाहीत, गुण निघून जाईल म्हणून. पिळले आणि शेगडीवरच्या तारेवर वाळवले. धोतराचं कापड मुळातच पिवळट, रंगानं काही कळायचं नाही. खोलीत धुरी, वेखंड, आंघोळीचा लिंब असे वास आधीच होते, त्यात ह्याचा वास हरवला. लेकीला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. चांगलं काम केलंय ते काय सांगायचं, असं वाटलं.

सकाळी तिनं ते पॅड लावले. पुढच्या पाजण्याला पोरगी छातीला लागली, तोंड लावलं, आणि सोडलं. तोंड वाकडं करून किंचाळली. परत लावली, परत तेच. दुसऱ्या बाजूला घेतली, तिकडंही तेच. अंग ताठ करून मागं जात होती. अक्कानं मीठ-मोहरी उतरून टाकली. अर्ध्या तासानं परत तेच.

शेवटी लेकीनं वाटीत दूध पिळून काढलं आणि चमच्यानं पाजलं. ते पोरगी गटागटा प्याली. म्हणजे भूक होती, दूध गोड होतं. नको होती ती छाती. लेकीनं ते बरोबर ओळखलं आणि तिचा धीरच सुटला. “दूध पाहिजे तिला,” ती म्हणाली, “मी नको झालोय.”

अक्कानं समजावलं, मीही काहीतरी बोललो. दुपारपर्यंत लेकीची छाती भरून दगडागत झाली. हात लावू देईना. पोरगी चमच्यानं किती पिणार? त्यात विहीणबाईंचा फोन आला, तो मीच घेतला. खोटं बोलता येत नाही, सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, “पावणं, तुम्ही केलंसा तेवढं लई केलंसा. आता हट्ट नको. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. पावडरचा डबा आणतो. दोघींस्नी घेऊन जातो.”

लेकीनं हात पुढं केला, फोन घेतला आणि एकच शब्द बोलली, “या.”

मी बाहेर आलो. पूर्वी म्हशी बांधायचो त्या शेडात आता दोरी आहे. सकाळी जरा वारं सुटलं होतं म्हणून उरलेले पॅड शेगडीवरनं काढून तिथं टाकले होते. ते काढून घड्या घालत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एका पॅडचा दोरा लोंबत होता. कात्री कोण आणतोय, म्हणून दातानं तोडला.

जीभ कडू झाली. जहर कडू.

मी दुसरा पॅड जिभेला लावून बघितला. तिसरा बघितला. रेडकू मोठं झालं की त्याला म्हशीपासून तोडायला मी चाळीस वर्षं काय करत होतो? लिंबाचा पाला वाटून सडांना चोपडत होतो. रेडकू धावत यायचं, तोंड लावायचं आणि असंच तोंड वाकडं करून मागं सरायचं. दोन-तीन दिवसांत सडाकडं बघायचं बंद व्हायचं. कट्ट्यावरचे लोक मला विचारायला यायचे, पाला किती वाटायचा म्हणून. तोच पाला मी माझ्या नातीच्या तोंडाला लावून बसलो होतो.

जे मनात आलं ते लिहितो. वाटलं, गपचूप सगळे पॅड साध्या पाण्यात उकळून काढावेत. आत मेडिकलचे द्यावेत. पोरगी आपोआप प्यायला लागेल आणि नाव अक्काच्या मीठ-मोहरीचं होईल. कुणाला कळणार नाही. तांब्या हातात घेतलाही होता. पण आत लेक रडत होती, पोरीला आपण नको झालो म्हणून. ते मीठ-मोहरीनं गेलं नसतं. तिच्या मनात ते कायम राहिलं असतं.

आत गेलो. म्हटलं, “तुझ्यात काय खोट न्हाय. पॅड मी लिंबाच्या पाल्यात उकळले. कडू लागतंय पोरीला.”

तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, “कधी?”

“काल.”

“आणि सकाळधरनं गप बसलासा?”

“आत्ता कळलं. दोरा तोंडानं तोडला तवा.”

“तुम्हाला आत्ता कळलं? जन्मभर रेडकं तोडलीसा की हो आबा!” ती ओरडली. तिच्या आईवर मी ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्यानं. “एवढं उकळलंसा, मला विचारायचं न्हाय? अंग माझं हाय ना?”

अक्का कपाळाला हात लावून बसली होती. ती उठली आणि म्हणाली, “दाजी, कोमट पाणी आणा. साधं. पाला दिसला त्यात तर बघा.”

पाणी देऊन मी दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आत अक्का तिला पुसून घेत होती. मग पोरगी कुरकुरली. मग गप्प झाली. त्या गप्पपणात मला काही कळेना. अक्काचा आवाज आला, “चाखून बघतीय ती. चांगली फसलीय न्हवं एकदा.” परत कुरकुर. परत गप्प. आणि मग घोट गिळायचा आवाज आला. तो आवाज मला सांगावा लागत नाही.

“ओढती हाय, दाजी,” अक्का म्हणाली.

लेक संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई गाडी घेऊन हजर. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी सांगितलं, “पोरगी पीत नव्हती ती माझ्यामुळं.” आणि सगळं सांगितलं, धोतरापासून.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “पावणं, माणसाचं लेकरू महिन्याच्या आत तोडायला निघालासा व्हय?” मग आत गेल्या, पोरगी पीत होती तिथं बसून राहिल्या. नीट बघितलं. चिरा बघितल्या, भरत आलेल्या. कपाटातला मेडिकलचा डबा बघितला, दोरीवरचे पॅड बघितले. ते मी पहाटेच साध्या पाण्यात तीनदा उकळून, प्रत्येक पॅड जिभेला लावून मग वाळत घातले होते.

“चला,” त्या सुनेला म्हणाल्या, “कपडे भर.”

लेक म्हणाली, “आत्याबाई, सव्वा महिना झाला की येतो.”

“आणि हे परत काय उकळून ठेवतील?”

“विचारून उकळतील.” एवढं बोलून तिनं माझ्याकडं बघितलं. हसून नाही. मी मान हलवली.

विहीणबाई जेवून गेल्या. पावडरचा डबा गाडीतनं खाली उतरलाच नाही.

त्यानंतरचे सोळा-सतरा दिवस लेक माझ्याकडं राहिली. तेवढ्या दिवसांत मी प्रत्येक गोष्ट विचारून केली. आज पॅड कापडाचे काढू की मेडिकलचे? साबण हा लावू की तो? पाणी किती तापवू? दार लावू की उघडं ठेवू? ती वैतागायची. “आबा, एवढं पण विचारू नका हो. डोकं उठतंय.”

मी तरी विचारत होतो. घरातल्या बाईला काय लागतंय ते विचारायची सवय मला नव्हती. ती लागायला थोडा त्रास होणारच, तिलाही आणि मलाही.